सुबोधतेची समीक्षा : एका आज्ञावलीचे वाचन

समीक्षा म्हटली की कविता, कादंबरी, नाटक हेच विषय आपल्यापुढे उभे राहतात. फार तर एखादे आत्मचरित्र किंवा प्रवासवर्णन. त्यात गैर काही नाही. परंतु ज्या मजकुराला कोणीही साहित्य म्हणणार नाही, ज्याला मुखपृष्ठ नाही की प्रस्तावना नाही, आणि तरीही ज्याचे जाणकार मंडळी ओळीओळीने परीक्षण करतात, असाही एक लेखनप्रकार आज जगात प्रचंड प्रमाणावर निर्माण होत आहे. संगणकाच्या आज्ञावली हा तो प्रकार. अशा एका आज्ञावलीची, आणि १४ वर्षांनी तिच्यावर झालेल्या संस्करणाची, समीक्षा करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. आमची कसोटी एकच राहील : मजकूर सुबोध आहे काय, आणि असल्यास कोणाला?

आज्ञावलीची निवड यदृच्छेने केलेली नाही. तिचा मराठी मुलुखाशी थोडा संबंध आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात नावाच्या लहानशा गावातील शाळेत मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे संगणक आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक उपक्रमाचा भारतातील अगदी आरंभीचा प्रयोग तेथे झाला. मुलांनी हाताळावयाचे, धुळीत वावरावयाचे यंत्र म्हणून त्यात फिरती तबकडी ठेवलेली नव्हती. मुलाने काढलेले चित्र, टंकलेले आपले नाव, हे सारे एक गिगाबाइट क्षमतेच्या फ्लॅश मेमरीत साठत असे. त्या मेमरीची व्यवस्था पाहण्यासाठी मार्व्हेल कंपनीने एक खास चिप घडविली होती. कॅमेरा आणि फ्लॅश ही दोन्ही कामे तिच्याकडे असल्याने इंग्रजी आद्याक्षरे जुळवून तिला ‘कॅफे’ असे नाव मिळाले. ही चिप आणि लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी जी आज्ञावली, तिला ड्रायव्हर म्हणतात. डेव्हिड वुडहाउस यांनी २००६ साली लिहिलेला ‘कॅफे नँड’ हा ड्रायव्हर आमच्यापुढील संहिता होय. तो सर्वांना वाचण्यास खुला आहे.

संहितेकडे वळण्यापूर्वी फ्लॅश मेमरीचा स्वभाव थोडा समजून घेणे आवश्यक आहे. पाटीवर लिहिलेले एखादे अक्षर बोटाने पुसून तेथेच दुसरे लिहिता येते. या मेमरीत तसे करता येत नाही. तिची पाने असतात. त्या काळच्या प्रचलित चिपमध्ये एका पानावर २०४८ बाइट मजकूर आणि पानालगत ६४ बाइटांचा समास, अशी ६४ पाने मिळून एक ठोकळा होई. लिहिता येते पानागणिक, पुसता येतो तो सबंध ठोकळाच. पुसण्यालाही मर्यादा असते. चांगल्या प्रतीच्या चिपचा ठोकळा साधारण लाखभर वेळा पुसला की थकतो. काही ठोकळे तर कारखान्यातूनच सदोष निघतात. म्हणून समासात पडताळ्याचे आकडे मांडून ठेवावे लागतात, म्हणजे मजकुरातील एखादी खूण बिघडली तर ती ओळखून दुरुस्त करता येते. इतक्या अवघड स्वभावाच्या वस्तूशी बोलणारा दुभाषी नेमका हवा, यात शंका नाही. तो सुबोधही का असावा, हा खरा प्रश्न आहे.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. सुवाच्य म्हणजे ज्याची अक्षरे लागतात ते. सुबोध म्हणजे ज्याचा अर्थ लागतो ते. २००६ ची संहिता सुवाच्य निश्चित आहे. तिची मांडणी आटोपशीर आहे, ओळी सरळ आहेत, लेखकाचा हात तयार आहे. अडचण आहे ती अर्थाची. चिपला आज्ञा द्यावयाची म्हणजे तिच्या एका खणात ३२ खुणांची एक रांग भरावयाची. कोणती खूण लावली म्हणजे काय घडते हे ठरलेले असते. मूळ संहितेत या खुणा उघड्या आकड्यांनी लिहिल्या होत्या. सव्विसाव्या क्रमांकाची खूण लावली की वाचन, पंचविसाव्याची लावली की लेखन. निदान तेथे शेजारी दोन-दोन अक्षरांची टीप तरी आहे. अन्यत्र आठाच्या आकड्यावर सात शून्ये, नवाच्या आकड्यावर सात शून्ये अशा संख्या कसल्याही स्पष्टीकरणावाचून येतात. ज्याच्या मेजावर चिपचे माहितीपुस्तक उघडे आहे, त्याला त्या बोलतात. इतरांना त्या केवळ दिसतात.

याहून सूक्ष्म असा एक अडसर आहे. एका ठिकाणी लेखक टीप देतो की सध्यापुरते हे नेहमी पाच बाइट असतील. आणि लगेच खालच्या ओळीत लांबी म्हणून चार हा आकडा लिहितो. पाच खरे की चार? उत्तर थोडे पुढे मिळते. तेथे दुसरी टीप आहे, तिचा आशय असा, की माहितीपुस्तक खोटे बोलते, वास्तविक येथून एक वजा करावयास हवा. म्हणजे ही सारी भानगड एकाच्या फरकाची. मोजणी शून्यापासून की एकापासून, हा घोळ चिपच्या जन्मापासूनचा असून लेखक अनुभवाने त्यातून वाट काढीत गेला आहे. यंत्राला यातले काहीच ठाऊक नाही. ते चार म्हटले की चार घेते. अडखळतो तो वाचक, आणि अडखळलेला वाचक काय करतो? कोणीतरी चुकला असे समजून चाराचे पाच करतो आणि चालते काम बिघडवितो.

तिसरे उदाहरण मथळ्याचे. पान वाचणाऱ्या कार्यखंडाच्या डोक्यावर एक परिचयपर टीप होती. परंतु त्या टिपेत नाव होते दुसऱ्याच कार्यखंडाचे. सर्वसाधारण संहितेतून ती उचलून आणली, खालचा मजकूर बदलला, मथळा तसाच राहिला. आमची सारी नोकरी नोटशीटवर गेली असल्यामुळे हा प्रकार आम्हांला अपरिचित नाही. नस्तीवर विषय एक आणि आत प्रकरण दुसरे, हे शासकीय कचेऱ्यांतून कितीदा तरी पाहावयास मिळते. मथळा नसलेली नस्ती उघडून पाहावी लागते, इतकेच. चुकीच्या मथळ्याची नस्ती मात्र कोणी उघडीतच नाही. टीप नसण्यापेक्षा खोटी टीप अधिक घातक, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

आता संस्करणाकडे वळू. २०२० च्या मे महिन्यात बोरिस ब्रेझिलॉन या फ्रेंच अभियंत्याने या ड्रायव्हरवर दीड डझन दुरुस्त्यांची एक मालिका सादर केली. मुख्य हेतू होता त्याची जुनी पद्धत सोडवून त्याला नव्या पद्धतीवर आणण्याचा. पण वाटेत अनेक दुरुस्त्या केवळ वाचकासाठी केलेल्या आहेत. चुकीच्या मथळ्याची ती टीप काढून टाकली. ज्या कार्यखंडाच्या नावाला ‘खालच्या पातळीवरील’ असे निरर्थक शेपूट चिकटले होते ते छाटले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उघड्या आकड्यांच्या जागी नावे आली : ही खूण ‘आज्ञा आहे’ असे सांगते, ही ‘मजकूर आत यावयाचा आहे’ असे, आणि ही ‘मजकूर बाहेर जावयाचा आहे’ असे. या एका दुरुस्तीच्या शीर्षकात ब्रेझिलॉन यांनी जे इंग्रजी क्रियापद योजले आहे त्याचा अर्थ ‘गूढ उकलणे’ असा होतो. समीक्षेचे याहून नेमके वर्णन आम्हांला सुचत नाही.

या परंपरेची एक रीत आम्हांला विशेष अनुकरणीय वाटली. प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्र ठेवावयाची. नाव बदलावयाचे असेल तर त्या दुरुस्तीत फक्त नाव बदलेल, वर्तन बदलणार नाही. दुरुस्तीसोबत दोन-चार वाक्यांत तिचे कारण लिहिलेच पाहिजे. मग ती सर्वांसमोर मांडली जाते. अन्य जाणकार ती ओळीओळीने वाचतात, शंका काढतात, पसंत पडली तर आपले नाव घालतात, नाहीतर सुधारून पुन्हा आणावयास सांगतात. या मालिकेचीही सुधारलेली आवृत्ती थोड्याच दिवसांत पुन्हा सादर झाली. समीक्षक लेखकाच्या प्रतिभेविषयी बोलत नाही, त्याच्या पूर्वायुष्याविषयी बोलत नाही. अमुक ओळीत अमुक शब्द का, एवढेच विचारतो. आपल्याकडील किती पुस्तकपरीक्षणे अशा एका तरी ओळीपाशी थांबतात, याचा विचार आपण करावा.

लेखनाचे नियम लिहून ठेवण्याची प्रथा मात्र आपल्याला नवी नाही. हेमाडपंताच्या नावाशी जोडलेल्या मेस्तकांतून कोणास कोणता मायना लिहावा, पत्राची मांडणी कशी करावी, हे सांगितलेले आढळते. लिनक्सच्या मंडळींचेही असे एक मेस्तक आहे. ओळ किती रुंद असावी, कार्यखंड किती लांब असावा, नावे कशी ठेवावीत, हे त्यात नमूद आहे. ओळ ८० अक्षरांपलीकडे जाऊ नये हा जुना दंडक २०२० च्या मे महिन्यातच सैल करण्यात आला. कारण ओळ बसविण्यासाठी नावे तोडली जात आणि वाचकाचे नुकसान होई. टिपांविषयी त्या नियमावलीचे म्हणणे असे, की मजकूर काय करतो ते टिपेत सांगावे. तो ते कसे करतो हे मजकुरानेच सांगितले पाहिजे. नियम उत्तम आहे. पण आमच्या मते तो एक पायरी अपुरा आहे. ‘काय’ आणि ‘कसे’ यांच्या पलीकडे ‘का’ उरतो, आणि तो कितीही चांगल्या नावात मावत नाही. माहितीपुस्तक खोटे बोलते ही टीप पाहा. ती काय सांगते? या ओळीमागे कोणाची तरी फसगत झाली होती, आणि पुढच्याने त्याच खड्ड्यात पडू नये. सबंध ड्रायव्हरमध्ये आम्हांला सर्वांत मोलाचे वाटलेले वाक्य तेच. संस्करण करणाराने गूढ आकडे अवश्य काढावेत, खोटे मथळे अवश्य पुसावेत. अशा वाक्याला हात लावताना मात्र दहा वेळा विचार करावा. साफसफाईच्या उत्साहात घरातील जन्मपत्रिकाही रद्दीत जातात.

एक आक्षेप येथे कोणीही घेईल. यंत्राला नावाशी कर्तव्य नाही. आकडा लिहा वा नाव लिहा, अखेरीस चिपमध्ये जावयाची ती खूण तीच. मग एवढा खटाटोप कोणासाठी? १९८४ साली डोनाल्ड क्नुथ या विख्यात संगणकशास्त्रज्ञाने आज्ञावलीकडे वाङ्मयकृतीप्रमाणे पाहावे, यंत्राला आज्ञा देण्याऐवजी माणसाला समजावून सांगण्यावर भर द्यावा, असे एका लेखात प्रतिपादिले होते. तत्त्व म्हणून ते मान्य होण्यासारखे आहे. पण या प्रकरणात तत्त्वापेक्षा कठोर असा एक व्यवहार आहे. मालिका सादर करताना ब्रेझिलॉन यांनी जे निवेदन जोडले, त्याचा आशय असा : जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर सांभाळणे हे मुळात ओझे नव्हे, परंतु जुन्या रीतीने लिहिलेले आणि कोणी वाली नसलेले ड्रायव्हर साऱ्या व्यवस्थेची सुधारणा अडवून धरतात. ज्याच्यापाशी हे यंत्र अजून असेल त्याने बदल तपासून पाहावेत. तसे कोणीच नसेल, तर हा ड्रायव्हर काढून टाकण्याचाच विचार करावा.

हे निवेदन आम्ही दोनदा वाचले. त्यात राग नाही, अनादर नाही. एका मजकुराचे आयुष्य कशावर अवलंबून असते याचा तो सरळ हिशेब आहे. ज्या मजकुराला वाचणारा उरला नाही आणि पडताळून पाहणारा उरला नाही, तो उत्तम चालत असला तरी काढून टाकण्यास पात्र ठरतो. वुडहाउस यांची संहिता चुकीची नव्हती. २००६ साली, त्या घाईच्या दिवसांत, हाती माहितीपुस्तक आणि समोर यंत्र असताना ती पुरेशी सुबोधही होती. बदलला तो वाचक. माहितीपुस्तक दूर गेले, यंत्रे दुर्मिळ झाली, लेखक अन्य कामांकडे वळला. ‘सुबोध’ हा मजकुराच्या अंगचा कायमचा गुण नाही. तो एका विशिष्ट वाचकाच्या संदर्भातच खरा असतो. म्हणून सुबोधतेची समीक्षा करणाराने स्वतःला विचारावयाचा प्रश्न ‘मला समजते काय’ हा नसून ‘जो येथे नाही त्याला समजेल काय’ हा असतो. वाचकांसाठी केलेल्या त्या दुरुस्त्यांनी, आणि नव्या पद्धतीवर आणल्यामुळे, तो ड्रायव्हर वाचला, हे येथे नमूद केले पाहिजे.

इंदूरच्या जुन्या मराठी घराण्यांना हा हिशेब अनोळखी वाटू नये. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पेटाऱ्यात मोडी कागद आहेत : सनदा, ताळेबंद, वतनाचे व्यवहार, लग्नाच्या याद्या. ते लिहिणारे कारकून आपल्या कामात वाकबगार होते. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकवीत, शब्दाशब्दांत फट न ठेवता ते झरझर लिहीत. ऱ्हस्वदीर्घाचा घोळ घालीत नसत, कारण मोडीत तो भेदच पाळला जात नसे. तारखेच्या जागी ‘छ’ हे एक अक्षर आणि पुढे आकडा व मुसलमानी महिना. छ म्हणजे चंद्र. वर्ष लिहावयाचे ते सुहूर सनात, अरबी संख्यानामांनी : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा. दरबारातील प्रत्येकास ते तोंडपाठ होते. ‘छ’ कशाचा हे समजावून सांगणारी टीप कोणी घालावी? मूर्खातच गणना झाली असती. आज तेच ‘छ’ आपल्या मुलांपुढे त्या आठावर सात शून्यांसारखे उभे आहे. १९४८ च्या मे महिन्यात होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये मध्यभारत मध्यप्रदेशात. दरबार गेला, मोडी शाळेतून गेली, कचेरीची भाषा हिंदी झाली. कागद शाबूत राहिले, फक्त वाचक निघून गेला.

मोठ्या दप्तरांचे भाग्य बरे असते. होळकर दरबारच्या कागदांना वासुदेव वामन ठाकूर यांच्यासारखा संपादक १९४० च्या दशकात लाभला, आणि ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ बालबोधात छापली गेली. घरगुती कागदांना असा कोणी मिळत नाही. त्यांच्याबाबतीत ब्रेझिलॉन यांचा तोच प्रश्न रोज घरोघरी विचारला जात आहे, फक्त शब्द निराळे : फ्लॅट लहान आहे, पेटारा मोठा आहे, आणि यातले कोणाला काही वाचता येते काय? उत्तर नकारार्थी आले की कागदांचे काय होते हे आपण जाणतोच. त्या मंडळींजवळ निदान विचारण्याची रीत तरी होती. यंत्र कोणापाशी आहे, पुढे या, तपासा, असे जाहीर सांगून त्यांनी थोडी वाट पाहिली. आपल्याकडे ही विचारणाही होत नाही.

म्हणून या समीक्षेतून आम्ही एक व्यवहार्य गोष्ट उचलू इच्छितो. सबंध पेटारा वाचून काढण्याचा संकल्प करू नये. तसे संकल्प आपल्या संस्थांच्या इतिवृत्तांत भरपूर आहेत. एका वेळी एक कागद घ्यावा. मूळ कागदावर काही लिहू नये. बालबोध लिप्यंतर स्वतंत्र पानावर करावे. ‘छ’ तसाच ठेवून त्याचा अर्थ टिपेत द्यावा. अक्षर लागले नसेल तेथे अंदाजाने शब्द भरू नये, लागले नाही असे स्पष्ट लिहावे, कारण खोट्या मथळ्याची गोष्ट आपण वर पाहिलीच आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, तो कागद घरात का राखला गेला याविषयी वडीलधाऱ्यांना जे ठाऊक असेल ते दोन ओळींत त्यांच्याकडून वदवून घ्यावे. तो ‘का’ कागदात कोठेही सापडणार नाही. शेवटी वाचणाराचे नाव व तारीख, आणि खाली तपासणाराचे. आपल्या शहरात मोडी वाचू शकणारी माणसे अद्याप आहेत, पण त्यांपैकी बहुतेकांची सत्तरी उलटली आहे. पुढील अंकासाठी कोणी असा एक कागद लिप्यंतरासह पाठविला, तर संपादकांनी कवितेच्या आधी त्याला जागा द्यावी, अशी आमची विनंती आहे.